थकव्याचे माप

अंगात त्राण नाही, अशी तक्रार घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या एखाद्या दवाखान्यात गेलेल्या बाईला बहुधा लोहाच्या गोळ्या मिळतात, फार तर बी-१२ चे इंजेक्शन. या सल्ल्यामागचा हिशेब सरळ आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे बाई थकली म्हणजे रक्त कमी, हे समीकरण डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्या दोघांच्याही अंगवळणी पडले आहे. या समीकरणाला तडा देणारा एक अभ्यास शेजारच्या गोव्यात झाला आणि २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातल्या ३००० स्त्रिया यादृच्छिक पद्धतीने निवडल्या. त्यांपैकी २४९४ जणींनी सहभागाला संमती दिली. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ थकवा असल्याचे १२.१ टक्के स्त्रियांनी सांगितले. रक्ताचे नमुने तपासल्यावर या थकव्याचा हिमोग्लोबिनच्या पातळीशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आर्थिक ओढाताणीशी, नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक हिंसेशी, स्त्री म्हणून वाट्याला येणाऱ्या दुय्यमपणाशी आणि खालावलेल्या मानसिक आरोग्याशी.

हा अभ्यास महत्त्वाचा आहे, कारण बाईच्या थकव्यामागे तिचे घर आणि तिचे जगणे असू शकते, हे त्याने आकड्यांनिशी दाखवले. पण त्याने काय दाखवले नाही, हेही तितकेच नेमकेपणाने समजून घ्यावे लागते. ही एका वेळी केलेली पाहणी होती. दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढे अशा पाहणीतून कळते. कोणती आधी आली आणि कोणती मागून, हे कळत नाही. दुसरे म्हणजे या पाहणीने एक लक्षण मोजले, एक आजार नव्हे. सहा महिन्यांहून अधिक थकवा असणाऱ्या शंभर जणींमध्ये थायरॉइडचा विकार असणाऱ्या असतील, नैराश्य असणाऱ्या असतील, पहाटे चारला उठून रात्री अकराला आडव्या होणाऱ्या असतील. आणि त्यांच्यात थोड्याजणी अशाही असू शकतील, ज्यांना मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे एमई/सीएफएस नावाचा वेगळा आजार आहे. गोव्याचा अभ्यास या शेवटच्या गटाबद्दल काहीच सांगत नाही आणि सांगतो असा त्याचा दावाही नाही. तरी 'दीर्घकाळचा थकवा मनातून येतो, हे भारतातही सिद्ध झाले' असे वाक्य त्याच्या आधारे सहज लिहिता येईल. जगभरातले एमई/सीएफएसचे रुग्ण गेली कित्येक वर्षे संशोधनातल्या नेमक्या अशाच उड्यांवर बोट ठेवत आले आहेत. त्यांचा आक्षेप निकाल नावडता निघाला म्हणून नाही. कोणाला मोजले, कशाने मोजले आणि मोजपट्टी मध्येच बदलली का, हे त्यांचे प्रश्न आहेत आणि कोणत्याही औषधाच्या चाचणीला आपण हेच प्रश्न विचारतो.

या आजाराची ओळख पटवणारी खूण थकव्याच्या तीव्रतेत सापडत नाही. ती सापडते श्रमानंतर काय होते यात. एरवी थकलेला माणूस विश्रांतीने सावरतो. एमई/सीएफएसच्या रुग्णाने आपल्या मर्यादेपलीकडे थोडेसे काम केले, कधी नुसती अंघोळ किंवा अर्ध्या तासाचे बोलणे, तरी त्याची प्रकृती ढासळते. बहुधा ती लगेच ढासळत नाही, काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी ढासळते, आणि मग दिवसच्या दिवस, कधी आठवडे जातात. सोबत झोपेने न जाणारा शीण, विचारांचा गोंधळ, उभे राहिल्यावर येणारी भोवळ. अनेकांमध्ये याची सुरुवात एखाद्या विषाणूसंसर्गानंतर होते. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये दोनशेहून अधिक कर्मचारी अशा आजाराने पडले आणि पुढच्या वर्षी 'मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस' हे नाव रूढ होऊ लागले. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी वाचून, एकाही रुग्णाला न तपासता, तो सामूहिक उन्माद असल्याचा निष्कर्ष काढला. आजारी पडलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण जास्त होते, हा त्यांचा एक आधार होता. रुग्णांच्या अविश्वासाचे मूळ इतके जुने आहे.

त्या अविश्वासाला व्याख्यांनी खतपाणी घातले. १९९१ च्या ऑक्सफर्ड निकषांनुसार सहा महिने थकवा हे मुख्य लक्षण असले की पुरे. श्रमानंतर ढासळणे आवश्यक नव्हते. १९९४ च्या फुकुदा निकषांत ते आले, पण आठ लक्षणांच्या यादीतले एक म्हणून, म्हणजे नसले तरी चालेल असे. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हजारो शोधनिबंध तपासून ते अनिवार्य लक्षण ठरवले. मधल्या चोवीस वर्षांत झालेल्या अभ्यासांत हा आजार असलेले किती आणि नुसते थकलेले किती, हे सांगणे अवघड आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेने आपल्या पुराव्याच्या आढाव्यातून ऑक्सफर्ड निकषांवर बेतलेले अभ्यास बाजूला काढून पुन्हा हिशेब केला, तेव्हा चढत्या व्यायामाच्या, म्हणजे हालचाल टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याच्या, उपचाराला पुरेसा आधार उरला नाही.

व्याख्येचा हा वाद पुस्तकी वाटेल, पण त्याचा परिणाम रुग्णाच्या शरीरावर होतो. त्याचे उदाहरणही गोव्यातच आहे. पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र नैराश्यासाठी 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' नावाची उपचारपद्धत तपासली. ४९५ रुग्णांवरची ही चाचणी २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. थोडे प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक रुग्णाला सुटलेल्या कामांकडे, माणसांकडे, दिनक्रमाकडे हळूहळू परत नेत. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. केवळ नेहमीचे उपचार अधिक चांगल्या रीतीने मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. नैराश्यात माणसाला हालचालीकडे ओढणे हा उपाय आहे. एमई/सीएफएसमध्ये मात्र तोच सल्ला, 'रोज थोडे जास्त करा, दुखले तरी थांबू नका' या रूपात, रुग्णाला अंथरुणाला खिळवू शकतो. दोन्ही गटांतली माणसे डॉक्टरांकडे एकच वाक्य घेऊन येतात: थकवा जात नाही. त्यांना एकाच यादीत टाकून चाचणी केली, तर नैराश्य असलेल्यांना झालेला फायदा सरासरीत मिसळतो आणि दुसऱ्या गटाला झालेली इजा त्याखाली झाकली जाते. नैराश्यावरचा उत्तम उपचार खोटा ठरवण्याची कुणाला गरज नाही. तो कोणासाठी आहे एवढेच काटेकोर लिहिले पाहिजे.

रुग्णांच्या आक्षेपांना धार आली ती ब्रिटनमधल्या पेस चाचणीमुळे. ६४१ रुग्ण, चार गट, सुमारे ५० लाख पौंड खर्च, आणि पैसे देणाऱ्यांत वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर निवृत्तिवेतन आणि अपंग भत्ते देणारे सरकारी खातेही. २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, वर्तन-विचार उपचार (सीबीटी) आणि चढता व्यायाम या दोन गटांतले सुमारे ६० टक्के रुग्ण सुधारले होते. नेहमीच्या वैद्यकीय देखभालीच्या गटात हे प्रमाण ४५ टक्के होते. २०१३ मध्ये दुसरा शोधनिबंध आला: या दोन गटांतले प्रत्येकी २२ टक्के रुग्ण 'बरे' झाले, देखभालीच्या गटातले ७ टक्के. रुग्णांनी मूळ आराखडा शेजारी ठेवून हे निबंध वाचले आणि त्यांना विसंगती दिसली. शारीरिक क्षमतेची प्रश्नावली ० ते १०० गुणांची होती. चाचणीत प्रवेश मिळण्याइतके आजारी असण्यासाठी ६५ किंवा त्याहून कमी गुण लागत. आराखड्यानुसार बरे ठरण्यासाठी ८५ गुण हवे होते. प्रसिद्ध झालेल्या निबंधात ती रेषा ६० वर आली. म्हणजे ६५ गुणांनी आत आलेला रुग्ण वर्षभरात ६० वर घसरला, तरी या एका निकषापुरता तो बऱ्या झालेल्यांत मोडू शकत होता. भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के जणांनी थकवा किंवा शारीरिक क्षमता यांपैकी एका मापावर ही नवी रेषा उपचार सुरू होण्याआधीच गाठलेली होती.

संशोधकांची बाजू अशी की मुख्य मापनातले बदल विश्लेषणापूर्वी ठरले आणि देखरेख समितीने त्यांना संमती दिली. शिवाय मूळ रेषा फार कडक होती. हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. चाचणी सुरू झाल्यावर मापन बदलण्याची सयुक्तिक कारणे असू शकतात. पण ही चाचणी उघडी होती. कोणाला कोणता उपचार मिळतो आहे हे रुग्ण आणि उपचारक दोघांनाही ठाऊक होते. अशा चाचणीत औपचारिक विश्लेषण झालेले नसले तरी वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे याचा अंदाज येतो. म्हणून येथे मूळ मापाने काय निघाले असते हे सांगण्याची जबाबदारी अधिक होती. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, संशोधकांनी स्वतःच मूळ मापाने हिशेब जाहीर केला: सुधारलेले रुग्ण सीबीटीत २० टक्के, व्यायामात २१ टक्के, देखभालीच्या गटात १० टक्के. फरक शिल्लक राहिला, पण ६० चे २० झाले. 'बरे' होण्याचे मूळ निकष लावून रुग्ण आणि स्वतंत्र संशोधकांनी मिळून केलेले विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कोणत्याही गटात बरे झालेल्यांचे प्रमाण ७ टक्क्यांच्या वर गेले नाही आणि गटांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

आता दुसरा प्रश्न: कशाने मोजले? थकवा हा अनुभव आहे, तो रुग्णाला विचारूनच कळणार, त्यामुळे प्रश्नावली अपरिहार्य आहे, हा युक्तिवाद बरोबर आहे. पण उपचारच जेव्हा 'तुमच्या लक्षणांकडे वेगळ्या नजरेने पाहा' असे शिकवतो आणि यशाचे माप म्हणून तीच लक्षणे विचारली जातात, तेव्हा शरीर बदलले की उत्तर देण्याची रीत बदलली, हे वेगळे करता येत नाही. याच आजारात हे किती घडू शकते, याचा पुरावा नॉर्वेतून मिळाला. बर्गेनच्या हाउकेलांड रुग्णालयातल्या संशोधकांनी रितुक्सिमॅब हे औषध ३० रुग्णांवर तपासले, तेव्हा २०११ मध्ये निकाल आशादायक दिसला. त्यांनीच मग १५१ रुग्णांवर मोठी, दोन्ही बाजूंनी आंधळी चाचणी केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात औषध घेतलेल्यांपैकी २६ टक्क्यांना बरे वाटले होते आणि औषध नसलेले सलाइन घेतलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना. औषध नसताना तिघांतल्या एकाहून जास्त जणांना बरे वाटू शकते, तर उघड्या चाचणीतल्या प्रश्नावलीवर किती भार टाकायचा? पेस चाचणीत वस्तुनिष्ठ मापेही होती, पण त्यांनी प्रश्नावलीला साथ दिली नाही. सहा मिनिटांत चालण्याच्या कसोटीत व्यायाम गट सरासरी ३१२ मीटरवरून ३७९ मीटरवर गेला. निरोगी प्रौढ माणूस याच वेळेत सहसा पाचशे मीटर ओलांडतो. सीबीटी गटाला चालण्यात देखभालीच्या गटापेक्षा लक्षणीय फायदा झाला नाही. दिवसभराची हालचाल नोंदवणारे यंत्र सुरुवातीला रुग्णांना लावले होते. शेवटी ते लावायचे रुग्णांवर ताण नको म्हणून रद्द झाले. त्यामुळे इजेचा प्रश्नही अधांतरी राहिला. चाचणीत गंभीर दुष्परिणाम क्वचित आढळले, पण उपचारात सांगितल्याप्रमाणे रुग्णांनी हालचाल खरोखर वाढवली होती का, हे न मोजता व्यायाम सुरक्षित होता असे कसे म्हणायचे?

तिसरा प्रश्न आकडे पाहू देण्याचा. ऑस्ट्रेलियातले रुग्ण ॲलम मॅथीस यांनी २०१४ मध्ये ब्रिटनच्या माहितीच्या अधिकाराखाली, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाकडे पेस चाचणीचा नावे वगळलेला डेटा मागितला. विद्यापीठाने नकार दिला, माहिती आयुक्तांनी २०१५ मध्ये मॅथीस यांच्या बाजूने निर्णय दिला, विद्यापीठ न्यायाधिकरणात गेले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तिथेही हरले. या लढाईवर विद्यापीठाचे दोन लाख पौंडांहून अधिक खर्च झाले. वर सांगितलेले २०१७ चे फेरविश्लेषण याच डेटातून झाले. पुढे ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने सगळा पुरावा नव्याने तपासला आणि व्यायाम व वर्तनोपचारांबाबतचा पुरावा कमी किंवा अतिशय कमी दर्जाचा ठरवला. काही वैद्यकीय संस्थांच्या विरोधामुळे प्रकाशन लांबले, तरी २९ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या नव्या मार्गदर्शिकेने चढत्या व्यायामाचा उपचार देऊ नये असे स्पष्ट सांगितले. सीबीटी राहिली, पण आजारासोबत जगायला मदत म्हणून; आजार बरा करणारा उपाय म्हणून नव्हे. २००७ च्या मार्गदर्शिकेने हे दोन्ही उपचार सुचवले होते.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा की रुग्णांना 'मानसिक' हा शिक्का नको असतो, म्हणून ते मानसशास्त्रीय संशोधन निवडून झोडपतात. शिक्क्याची भीती खरी आहे आणि आपल्याकडे ती जास्तच आहे. पण हेतू कोणताही असो, ८५ चे ६० झाले की नाही, हे हेतूवर ठरत नाही. संशोधकांना शिवीगाळ झाली असेल तर ती निषेधार्हच; तिने आकड्यांवरच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मिळत नाही. शिवाय हीच मापे शरीराकडे बोट दाखवणाऱ्या संशोधनालाही लागली आहेत. २००९ मध्ये सायन्स या नियतकालिकाने एक्सएमआरव्ही नावाच्या विषाणूचा या आजाराशी संबंध जोडणारा निबंध छापला. रुग्णांना हवे तसे उत्तर मिळाले होते. पण इतर प्रयोगशाळांना तो विषाणू सापडेना, तो प्रयोगशाळेतलाच दूषितपणा निघाला आणि २०११ अखेरीस निबंध मागे घेतला गेला. रितुक्सिमॅबचा अपेक्षाभंगही जैविक संशोधनानेच, कडक चाचणी करून, पचवला. मापे सारखी लावली की दोन्ही बाजूंचे कच्चे दावे गळतात, आणि रुग्णांची मागणी एवढीच आहे की मानसशास्त्रीय बाजूला सूट मिळू नये.

दुसरा प्रतिवाद अधिक गंभीर आहे: हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, जिथे निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, क्षयरोग आहे, मलेरिया आहे, तिथे आधी ते बघा. खरे तर याच परिस्थितीत व्याख्येची काटेकोरता जास्त लागते, कारण थकव्याची कारणे इथे अधिक आहेत आणि एकमेकांत गुंतलेली आहेत. संसर्गानंतर लांबणारे आजार आपल्याला नवे नाहीत. १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली. २००६ मध्ये मराठवाड्यासह देशभर लाखो लोकांना तो ताप आला आणि त्यांतल्या कित्येकांची सांधेदुखी आणि अंगदुखी महिनोनमहिने राहिली. कोविडनंतर थकवा न गेलेल्यांची संख्याही मोठी आहे. या रुग्णांवर आज ना उद्या आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून, पुण्यामुंबईत तसेच छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांतही अभ्यास होतील, योग, आयुर्वेद, व्यायाम, समुपदेशन यांच्या चाचण्या होतील. हे सगळे उपचार असे आहेत की रुग्णापासून लपवता येत नाहीत आणि यश बहुतेकदा प्रश्नावलीनेच मोजले जाते. पेस चाचणी जिथे अडखळली, तिथेच अडखळण्याची सगळी तयारी इथे आहे.

ती टाळण्याची साधनेही हाताशी आहेत. भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत चाचणीची आगाऊ नोंदणी सक्तीची आहे. मुख्य माप कोणते हे त्यात लिहावे लागते आणि नंतर केलेले बदल दिसतात. ती नोंद निबंधाशेजारी ठेवून वाचण्याची सवय मात्र परीक्षकांना आणि पत्रकारांना लावावी लागेल. प्रत्येक नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावा असा नियम आहे. थकव्याच्या अभ्यासात त्या खुर्चीवर किंवा तिच्याशेजारी हा आजार भोगलेली व्यक्ती बसवायला कायदा आडवा येत नाही. अशा व्यक्तीने आराखड्यावर विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. श्रमानंतर ढासळणाऱ्यांना वेगळे मोजणार का? प्रश्नावलीसोबत पावले, कामाचे तास, शाळेतली हजेरी असे काही मोजणार का? इजा कशी नोंदवणार? शेवटी नावे वगळून आकडे खुले करणार का? असा सहभाग संशोधनाला मागे खेचतो असेही नाही. ब्रिटनमधला डिकोडएमई हा जनुकीय अभ्यास रुग्णांसोबत आखला गेला, श्रमानंतरचे ढासळणे ही त्यात प्रवेशाची अट होती, आणि २०२५ मध्ये त्याने साडेपंधरा हजार रुग्णांच्या नमुन्यांतून जनुकसंचातल्या आठ जागा दाखवल्या. ते निष्कर्षही इतरांनी पडताळल्यावरच पक्के होतील. गोव्यातल्या त्या १२.१ टक्के स्त्रियांपैकी कोणाला कर्जातून सुटका हवी होती, कोणाला नवऱ्यापासून संरक्षण, कोणाला नैराश्यावर उपचार आणि कोणाला व्यायामाच्या सल्ल्यापासून बचाव, हे वेगळे करू शकणारा अभ्यास महाराष्ट्रात आणि गोव्यात व्हायचा असेल, तर हे प्रश्न पहिल्या रुग्णाची नोंद होण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. निबंध छापून आल्यावर ते विचारायला न्यायाधिकरणे आणि पाच वर्षे लागतात, आणि तोवर मार्गदर्शिका लिहून झालेल्या असतात.